सातव्या मिनिटाला

भूपेश: नाही नाही ताई, सीडीला दोष देऊ नका. सीडी ठणठणीत आहे. हे बघा, फिरतेय, फोल्डर दिसतोय, आतलं पानसुद्धा उघडलं.

ऋतिका: पान उघडतं हो, भूपेशभाऊ. पण व्हिडिओच्या जागी नुसता करडा चौकोन. माझ्या ऑफिसातही हेच झालं. आमच्या गोदामातल्या कॉम्प्युटरवाल्याने तर बघितलं आणि म्हणाला, मॅडम, हे जुनं झालं, फेकून द्या.

भूपेश: फेकून द्या म्हणायला काय जातंय त्याचं! धामणकर नाक्यावर सतरा वर्षं दुकान आहे माझं. मी फेकून द्या म्हणत बसलो असतो ना, तर पहिलं दुकानच फेकावं लागलं असतं. घाई किती आहे सांगा.

ऋतिका: उद्या सकाळी अंजूरला लग्न आहे. दहा वाजता मला मांडवात बसून लग्नाचे धवले गायचेत.

भूपेश: तुम्हाला? धवलारीण तर बायजाकाकी ना, तुमची आई? माझ्या लग्नात त्याच होत्या. भटजी वेळेवर आले होते, पण काकी ट्रॅफिकमध्ये अडकल्या, तर आमची आजी म्हणाली, बायजा येऊन धवले म्हणेपर्यंत कोणी अक्षता उचलायच्या नाहीत. भटजी पाऊण तास सरबत पीत बसले.

ऋतिका: आईला सुतक आलंय. परवा थोरले काका गेले, काल्हेरचे. दहा दिवस ती मांडवाला शिवणार नाही, आणि धवल्याचा एक शब्द तोंडातून काढणार नाही.

भूपेश: महादूकाका गेले? अरे देवा. मला कोणी बोललंच नाही. आणि तुम्हाला सुतक नाही?

ऋतिका: मी पडघ्याला दिलेली. दिल्या घरची म्हणून मी आंघोळीवर सुटले. म्हणून तर सगळं माझ्या गळ्यात आलं. बाकीचे धवले मला येतात हो, आईच्या मागे लहानपणापासून फिरलेय. पण शेवटचा, नवरीला बापाच्या घरातून सोडवतात तो, त्याची पहिली ओळ येते आणि पुढे पाटी कोरी.

भूपेश: दुसरी कोणी धवलारीण?

ऋतिका: मोसमात एक मोकळी नाही, सगळीकडे फोन करून झाले. ठकुबाईंच्या नातीचं लग्न आहे, सुकन्याचं. ठकुबाईंना माझ्या आजीने मांडवातून सोडवलं, त्यांच्या लेकीला माझ्या आईने. आणि आता घरातली पोरं म्हणतात, नसेल जमत तर स्पीकरवर लावून टाकू, मोबाइलवर मिळतात.

भूपेश: स्पीकरवर?

ऋतिका: ते ऐकल्यापासून आई नीट जेवली नाही. म्हणते, एकदा मांडवात स्पीकर बसला की तो उठत नाही, आणि माणूस पुन्हा बसत नाही. तिच्याच्याने ते सोसणार नाही, भूपेशभाऊ. माझ्याच्यानेही नाही.

भूपेश: टेन्शन नका घेऊ. हे रेकॉर्डिंग कोणी केलंय?

ऋतिका: कॉलेजच्या मॅडम आलेल्या, रीमा मॅडम, तेरा वर्षं झाली. चार मुलं घेऊन आल्या, आईला ओटीवर बसवलं आणि सगळे धवले उतरवून घेतले. मग ही सीडी दिली. आईने ती देवघरात ठेवली, हळदकुंकू लावून. कधी कोणी लावून बघितलीच नाही.

भूपेश: तरीच म्हटलं ह्याला पिवळं काय लागलंय. आता ऐका. हे पान ब्राउझरमध्ये उघडतं, पण त्या काळी व्हिडिओ चालवायला ब्राउझरला वेगळं प्लगिन जोडावं लागायचं. ते प्लगिन कंपनीने दोन हजार एकवीसला कायमचं बंद केलं. नवीन ब्राउझर त्याला दारातसुद्धा उभं करत नाही.

ऋतिका: मग व्हिडिओ बाहेर काढा ना. साध्या प्लेयरमध्ये लावा.

भूपेश: ते पहिलं बघितलं. ज्याने सीडी बनवली, त्याने व्हिडिओ पानाच्या पोटात शिवून टाकलाय. सुटी फाईलच नाही. पण आपल्याकडे इलाज आहे. जरा पाय सरकवा. टेबलाखाली तो कापडाने झाकलेला डबा दिसतोय?

ऋतिका: हा? हा चालतो अजून?

भूपेश: चालतो म्हणजे! जुनं विंडोज, जुना ब्राउझर, आणि ते प्लगिन आत तसंच्या तसं. ह्याला मी पाच वर्षांत नेटची वायर लावलेली नाही. नेट लागलं की हा शहाणा होतो, स्वतःला अपडेट करतो आणि कामातून जातो. अडाणी ठेवलाय म्हणून टिकलाय.

ऋतिका: आईचा फोन. घेऊ का? नाही घेतला तर दर मिनिटाला करेल.

भूपेश: स्पीकरवर टाका. तोवर मी सीडी घालतो.

बायजाबाई: काय गो, झाली का चालू? का तो भुप्या नुसता चा पितोय?

भूपेश: चहा अजून आला नाही, काकी. नमस्कार. महादूकाकांचं आत्ता कळलं, वाईट झालं.

बायजाबाई: गेला बिचारा. पण काय येळ साधली बघ. जल्मभर माज्या धवल्यांना नावं ठेवली, आन् जाताना मलाच गप करून गेला. तू मशीन चालू कर.

भूपेश: करतोय. हे पान उघडलं... प्लगिन म्हणतंय, चालणार नाही. अपेक्षित होतं. कंपनीने त्यात तारखेचं कुलूप टाकलंय. एकवीस सालाच्या पुढची तारीख दिसली की ते बंद. म्हणून आपण घड्याळच मागे न्यायचं. काय तारीख टाकू, ताई?

ऋतिका: टाका कुठलीही. दोन हजार तेरा.

भूपेश: तेरा, फेब्रुवारी. झालं. आता ह्या डब्याच्या हिशेबाने आपण बारा वर्षं मागे बसलोय.

बायजाबाई: म्हंजे आता तिथं महादू जिता हाय?

भूपेश: डब्यात आहेत, काकी.

ऋतिका: आये, मग सुतक कुठलं? गा ना तू! एकदाच. मी लिहून घेते.

बायजाबाई: गप बस! तारीख मशीनची फिरली, माजी न्हाय. वर बसलेला त्या भुप्याचं घड्याळ बघत न्हाय. तुला गंमत वाटते, मी इथं सकाळपासून तोंडात सुपारी धरून बसलेय, चुकून गुणगुणले तर काय म्हनून.

ऋतिका: बरं बरं. रागावू नकोस. अगं, चौकोन गेला! भूपेशभाऊ, काहीतरी आलं!

भूपेश: आलं, पण हिरवं. सगळा पडदा हिरवागार. घाबरू नका, हे जुनं दुखणं आहे. प्लगिन व्हिडिओचं काम ग्राफिक कार्डाच्या डोक्यावर टाकतं, आणि कार्ड ते गिळत नाही. उजवं बटण दाबायचं, सेटिंग, आणि ही टिक काढून टाकायची. म्हणजे प्लगिन आपलं काम आपण करतं. पान बंद, पुन्हा उघडलं. बघा आता.

ऋतिका: आये! तू आलीस. तीच ओटी, तीच समई. आणि हिरवं लुगडं.

बायजाबाई: हिरवं लुगडं न्हाय, मोरपिशी. तुझ्या बापानं आनलेलं. बारीक दिसते का मी?

ऋतिका: दिसतेस. ओठ हलतायत. पण आवाज नाही... थांबा, आला! खटखट, खटखट, ताल धरलाय कोणीतरी!

भूपेश: तो मागच्या गल्लीतला कापडाचा लूम आहे, ताई. चोवीस तास चालतो. आपला आवाज अजून यायचाय. आता एक एक बघू. स्पीकर चालू, वायर घट्ट. खाली हे आवाजाचं चित्र, त्यात प्रत्येकाची वेगळी पट्टी असते. विंडोजची वर आहे, ब्राउझरची... ही बघा, पार तळाला. कोणी केलंय हे?

ऋतिका: तुमच्याशिवाय कोण करणार? पाच वर्षं तुमच्याच टेबलाखाली आहे.

भूपेश: असेल, असेल. वर घेतली. ऐका.

ऋतिका: आला. आईचाच आवाज. काय गळा होता गं तुझा, आये! आत्ताच्यापेक्षा धारदार. भूपेशभाऊ, जरा पुढे घ्या, हळदीचे मला येतात.

बायजाबाई: येतात म्हनून पुढं काय घेतेस? मागलं कोन ऐकनार? नीट बसून ऐक सगळं.

भूपेश: चहा आला. ऐका तुम्ही आरामात. म्हटलं होतं ना, फुल्ल गॅरंटी!

ऋतिका: ...आता येईल तो. शेवटचा. ही पहिली ओळ, "उंबऱ्याशी ठेवली गो लेक माजी सावली"... हो, हो, इथपर्यंत मला येतं, आणि पुढे... भूपेशभाऊ! थांबलं!

भूपेश: कुठे? सात मिनिटं चार सेकंद. हँग झालं असेल. थोडं मागे घेतो. चाललं... चाललं... पुन्हा तिथेच. ठीक आहे. ब्राउझरचा साठलेला कचरा साफ करतो. कॅश म्हणतात. हं, पुन्हा लावलं.

ऋतिका: पुन्हा तिथेच.

भूपेश: मग सीडीवर ओरखडा असणार. पुसतो. रुमाल नाही, हे सुती कापड घेतो. आता.

ऋतिका: तिथेच थांबली. सात मिनिटं चार सेकंद. भूपेशभाऊ, नेमकं मला हवं तिथेच कसं बंद पडतं हो?

भूपेश: ताई, रडायचं नाही. माझ्या दुकानात गिऱ्हाईक रडलं तर माझं नाव जाईल. आपण सगळं ह्या नव्या कॉम्प्युटरवर नेऊ. ह्यात एक वेगळा प्रोग्राम आहे, जुनं प्लगिन नसलं तरी त्याची नक्कल करतो. पेनड्राइव्ह आहे?

ऋतिका: चावीच्या जुडग्याला आहे. पण तो पुसू नका, त्यात माझ्या लग्नाचं शूटिंग आहे.

भूपेश: लग्नाचं शूटिंग! मग त्यातच काकींचा धवला असेल की. आपण इथे कशाला डोकं फोडतोय?

ऋतिका: मी पहिलं तेच बघितलं. शूटिंगवाल्या विशालने सगळा मूळ आवाज काढून टाकला आणि वर सिनेमाची गाणी चढवली. आई धवला म्हणतेय आणि मागे कोणीतरी डान्सचं गाणं. अकरा वर्षं झाली, मूळ टेप त्याच्याकडे नाही.

बायजाबाई: त्या विशालच्या डोसक्यात मी वरवंटा घालनार व्हते, तुझ्या बापानं धरलं.

भूपेश: बरं, ह्या नव्यावर आलं सगळं. लावतो. मी सांगतो, प्लगिनचाच दोष निघणार. पाच, सहा, सात... चार सेकंद.

ऋतिका: थांबली.

भूपेश: हे काय राव! दोन वेगळी मशीन, दोन वेगळे प्रोग्राम, आणि एकाच सेकंदाला हँग? असं होत नसतं, ताई. सतरा वर्षांत नाही झालं.

ऋतिका: एक मिनिट. बंद करू नका. समईकडे बघा.

भूपेश: काय आहे?

ऋतिका: ज्योत हलतेय.

भूपेश: हलतेय खरी. आणि खाली सेकंदपण पळतायत, दहा, अकरा, बारा. म्हणजे व्हिडिओ चालू आहे?

बायजाबाई: माजा हात कुठं हाय, ऋतिका?

ऋतिका: मांडीवर. तोंड मिटलेलं. समोर बघतेस.

बायजाबाई: मंग मशीनला कशाला शिव्या देता? ती न्हाय थांबली. मी थांबले.

ऋतिका: काय?

बायजाबाई: मांडव न्हाय, हळद न्हाय, नवरी न्हाय. ओटीवर कालेजची चार पोरं चिवडा खात बसलेली. तिथं लेकीला घरातनं सोडवायचा धवला म्हनू? कोनाच्या लेकीला सोडवू? पयली ओळ म्हनली, मंग तोंड मिटलं. ती मॅडम म्हनली, पुढचं म्हना. मी म्हनले, पुढचं मांडवात. ऐक की, असंल त्याच्यात.

भूपेश: आहे, काकी. आत्ता बोललात. "पुढचं मांडवात." मॅडम हसल्या आणि व्हिडिओ संपला. आणि मी तासभर तुमच्या गप्प बसण्यावर इलाज करत होतो. सुती कापडाने पुसलं मी ते!

ऋतिका: आये, तुला माहीत होतं? मग आधी का नाही सांगितलंस? अर्धी रजा टाकून, काल्हेरहून दोन रिक्षा बदलून मी इथे आले!

बायजाबाई: तू म्हनलीस, सीडी बंद हाय, चालू करून आनते. मी म्हनले, आन. तुला त्यातलं काय पायजे ते इचारलंस का मला? मला वाटलं, तुला हळदीचे घोकायचे असतील.

ऋतिका: हळदीचे मला येतात!

बायजाबाई: शेवटचा बी येतो.

ऋतिका: नाही येत, आये! किती वेळा सांगू? पहिली ओळ म्हणते आणि पुढे काही नाही. उद्या सुकन्या समोर बसलेली असेल, सगळं गाव असेल, आणि मी तोंड मिटून बसेन, ह्या व्हिडिओत तू बसलीस तशी. आणि मग ती पोरं स्पीकर लावतील. मला भीती वाटतेय गं.

बायजाबाई: तुझ्या लग्नात म्हनलास तू तो. अख्खा.

ऋतिका: मी? मी नवरी होते!

बायजाबाई: तेच तर. मी मागं उभी, धवला म्हनतेय, आन् खाली बघते तर मुंडावळ्यांच्या आड तुझे व्हट हलतायत. माज्या बरोबर. एक शब्द मागं न्हाय, एक पुढं न्हाय. नवरीनं आपला धवला आपन म्हनू नये. म्हनून मी तुझ्या खांद्यावर हात दाबला, गप म्हनून.

ऋतिका: तो... तो हात त्यासाठी होता?

बायजाबाई: मंग कशासाठी?

ऋतिका: मला वाटलं, रडू नको म्हणून दाबलास. अकरा वर्षं मला तेच वाटतंय. सासरी कधी रडू आलं ना, आये, तर मी तो खांदा धरून बसायचे.

(फोनवर ठसका लागल्याचा आवाज.)

ऋतिका: आये? आहेस ना?

बायजाबाई: हाय. सुपारी घशात गेली. ते बी व्हतं त्यात. दोनी व्हतं. एका हातानं काय एकच गोष्ट सांगतात व्हय?

भूपेश: ताई, एक बोलू? शूटिंग तर इथेच आहे, पेनड्राइव्हमध्ये. लावू?

ऋतिका: लावून काय करणार? आवाज नाही त्यात.

भूपेश: आवाज कशाला पाहिजे? चित्र आहे. काकी म्हणतात ते खरं असेल तर तुमचे ओठ दिसतील. सांगा, किती वाजता होती पाठवणी? हा बघा, हाच भाग असणार. बाप रे, काय गाणं लावलंय.

बायजाबाई: बंद कर ते थेर!

भूपेश: बंद, काकी. सतरा वर्षं लोक माझ्याकडे आवाज आणायला येतात, आज पहिल्यांदा घालवतोय. पट्टी तळाला नेली. ताई, जवळ या. ही तुम्ही, ह्या मागे काकी. अजून कोणी बोलत नाही... आता काकींनी तोंड उघडलं.

ऋतिका: उंबऱ्याशी. ते "उंबऱ्याशी" आहे, ओठ बघा. आणि मी... मुंडावळ्या बाजूला झाल्या, थांबा... मी म्हणतेय! आये, मी म्हणतेय गं! पुढे... पुढे "घराच्या धन्या"...

बायजाबाई: ए! मोठ्यानं न्हाय! मांडव हाय का तिथं? नाक्यावरच्या दुकानात म्हनतेस?

ऋतिका: मग कसं म्हणू?

बायजाबाई: तशीच म्हन, नवरी असताना म्हनलीस तशी. भुप्या, तू बघ. बारीक नजरेनं बघ आन् मला सांग.

भूपेश: पहिल्यापासून लावतो. ताई, तयार? हं.

(मागचा लूम चालू आहे.)

बायजाबाई: काय झालं रे? अडली का?

भूपेश: अडल्या नाहीत, काकी. तिकडे पडद्यावर तुमचे ओठ, इकडे ताईंचे. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरीला ताई पडद्याच्या आधी पोचल्या. आता तर त्या पडद्याकडे बघतच नाहीत. डोळे मिटलेत.

बायजाबाई: आन् खांदा?

भूपेश: स्वतःच्याच खांद्यावर हात आहे. हं... संपला. पडद्यावर तुमचा पण संपला. एकाच वेळी.

बायजाबाई: आवाज आला का?

भूपेश: नाही, काकी. जरासुद्धा नाही.

बायजाबाई: मंग बरोबर म्हनली. तो उद्या येल, मांडवात.